तो देवदार नव्हे

सेनगाव, ता. १८ जानेवारी १९४२

ग्यानबा,

थोरल्या भावाचा आशीर्वाद पत्राच्या डोक्यावर लिहिलेला आहे असं समजून चाल. तुझी डबी परवा पोहोचली. पावणेदोन वर्षांत तुझा हा पहिला कागद, आणि त्यात मोजून चार ओळी! "खुशाल आहे. फौजेत सुतारकामावर आहे. इथं डोंगर आहे, थंडी फार, सकाळी धुकं असतं. ठिकाण लिहायला मनाई आहे म्हणून इथल्या झाडाचा तुकडा धाडतो." डबी फौजेच्या साहेबांनी उघडून पाहिली होती, वर शिक्का होता. त्या बोटभर लाकडात त्यांना लढाईची काही खबर सापडली नाही, म्हणून ते आमच्यापर्यंत आलं.

मी पत्र वाचायला लागलो तसे बाबा उठून अंगणात गेले. उकंडरावांच्या गाडीच्या चाकाचा मधला तुंबा ओल्या लाकडाचा आहे, उन्हाळ्यात तडकेल, असं तू गिऱ्हाइकासमोर म्हणालास, बाबांनी तुझ्या कानशिलात दिली आणि तू घर सोडलंस, ती चपराक अजून दोघांच्याही गालावर आहे. तुंबा त्याच वैशाखात तडकला, हे तुला कोणी कळवलं नसेल. बाबांनी उकंडरावांना दुसरा करून दिला आणि त्याविषयी आजपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

तुकडा मात्र त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. आधी नखानं खरवडला. मग पटाशीनं पापुद्रा काढून जिभेवर ठेवला आणि थुंकला. दुसरा पापुद्रा निखाऱ्यावर टाकून धूर हुंगला, तिसरा सहाणेवर उगाळला. सोयरीक ठरवताना पाहुण्यांची चौकशी करावी तशी सारी सकाळ चौकशी चालली होती. त्यात झालं असं, की तुझी वहिनी शकू बाळंतीण आहे (मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत) आणि तिच्या काढ्यासाठी हिंगोलीच्या गुलाबचंदच्या दुकानातून देवदाराच्या ढलप्या आणलेल्या होत्या. बाबांनी एका नाकपुडीशी ढलपी धरली, दुसरीशी तुझा तुकडा, आणि निकाल दिला.

"ह्यो देवदार हाय. देवदार हिमालयाबिगर कुठं व्हत न्हाई. ग्यानबा हिमालयात हाय."

मी म्हणालो, देवदार पिवळट असतो, हा तर लालसर दिसतो.

"जुन्या झाडाचा गाभा लालच असतो. तू आपली पाटी संभाळ, मास्तर."

मी पाटी संभाळली. माय तर हरखूनच गेली. हिमालय म्हणजे आपल्याच मुलखातला, समुद्रापलीकडचा नव्हे. पुनमचंद शेटजी मागल्या साली हरिद्वारला जाऊन अठरा दिवसांत परत आले, ते आता तिला तोंडपाठ झालंय. तिनं मुद्दाम विचारायला सांगितलंय, तो देवदारच ना? तेवढं कळव.

तुझा
व्यंकट

सेनगाव, ता. २५ ऑक्टोबर १९४२

ग्यानबा,

तुझं कार्ड गेल्या महिन्यात मिळालं. माय आणि बाबांना वाचून दाखवलं. तब्येत बरी आहे आणि साहेब तुझ्या कामावर खूश आहे हे ऐकून मायनं देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "साहेबाला लाकडातलं काय कळतंय?" म्हणजे तेही खूश झाले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. तुझा वाकस, तुझा रंधा आणि दोन्ही पटाश्या त्यांनी आपल्या हत्यारांशेजारी मांडल्या, हळद-कुंकू लावलं. मला म्हणाले, "गंजू नये म्हणून मांडलं, दुसरं काय न्हाई." तुझा तो तुकडा त्यांच्या चंचीत सुपारीबरोबर असतो. येईल त्याच्या हातात देतात आणि वास घ्यायला लावतात. तांड्यावरचा प्रेमसिंग, ज्याचं अर्धं आयुष्य रानात गेलं, तो म्हणाला, "दगडोबा, असलं लाकूड आपल्या रानात न्हाई." बाबा म्हणाले, "आपल्या रानात कसं असंल? हिमालयातला देवदार हाय त्यो." प्रेमसिंगनं हिमालय पाहिलेला नाही आणि बाबांनीही नाही, त्यामुळे वाद तिथंच मिटला.

लिहायचं कारण वेगळं आहे. मायचा ताप महिनाभर उतरत नाही. हिंगोलीहून डॉक्टर येऊन गेला. ती रोज एकच विचारते, "व्यंकट, हिमालय किती लांब हाय रे?" मी सांगतो, आगगाडीचे चार दिवस. मग ती बोटं मोजते. आपल्यात बापाला थोरल्यानं अग्नी द्यायचा आणि आईला धाकट्यानं, हे तुला सांगायला नको. तिनंही शकूला सांगून ठेवलंय, "मला ग्यानबाचा हात लागू द्या." रजा मिळत असेल तर काढ.

व्यंकट

सेनगाव, ता. ९ एप्रिल १९४३

ग्यानबा,

माय गेली. फाल्गुन वद्य पंचमीला, सकाळी. मी हिंगोलीला जाऊन तुझ्या फौजी नंबरावर तार केली होती. अग्नी मी दिला, कारण उन्हाळ्यात वाट पाहता येत नाही.

अस्थींसाठी मात्र बाबांनी तुझी वाट पाहिली. लोक तिसऱ्या दिवशी नदीत सोडतात. बाबांनी गाडगं फडक्यात बांधून कयाधूच्या काठावरल्या करंजाला टांगलं आणि सगळ्यांसमोर हिशेब केला: तार पोचायला दोन दिवस, रजेला एक, रेल्वेचे चार. "आठव्या दिवशी पोरगं दारात असंल. मायच्या अस्थी त्योच सोडंल." आठवा दिवस गेला. ते म्हणाले, गाडी चुकली असंल. दहावा गेला. रोज सकाळी ते हिंगोलीच्या रस्त्यापर्यंत जात आणि ऊन चढलं की परत येत. तेराव्या दिवशी त्यांनी गाडगं स्वतः उतरवलं, अस्थी सोडल्या, आंघोळ केली. आम्ही निघालो तर म्हणाले, "थांबा." पुन्हा पाण्यात उतरले आणि डोक्यावरून दुसरी आंघोळ केली. ती तुझ्या नावानं.

जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. बाबा म्हणाले, "मला एकच लेक." घरी आल्यावर तुझी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.

म्हणून कळवतो, की आता येऊन उपयोग नाही. चार दिवसांच्या वाटेवर असून मायच्या मातीला जो आला नाही, त्यानं आता बापाच्या दारात तरी कोणत्या तोंडानं यावं? हे मी रागानं लिहितो असं वाटेल. रागानंच लिहितोय.

व्यंकट

सेनगाव, ता. २६ फेब्रुवारी १९४५

ग्यानबा,

मधल्या दोन वर्षांत तुझं एक कार्ड आलं, "माय गेल्याचं कळलं. येणं हातात नव्हतं." मी उत्तर लिहिलं नाही. आज लिहितो, कारण इथं एक गोष्ट घडली आणि ती तुला कळायला हवी.

जंगल खात्याचे एक साहेब सागाच्या लिलावासाठी सेनगावात आले होते. वयस्कर, चष्मेवाले, लाकडाचे दर्दी. त्यांच्या टेबलाचा पाय मोडला म्हणून बाबांना बोलावणं आलं, सोबत बोली समजवायला मी. काम झाल्यावर साहेबांनी पान पुढे केलं. बाबांनी सुपारी काढायला चंची उघडली आणि तुझा तुकडा खाली पडला. होय, तुझ्या नावानं आंघोळ केली तरी तुकडा चंचीतच होता. मलाही ते त्या दिवशीच कळलं.

साहेबांनी उचलला, हुंगला. "ये कहाँ से मिला, मिस्त्री?"

"देवदार हाय, सरकार. हिमालयातला."

साहेब हसले नाहीत. खिशातून वस्तरा काढून त्यांनी टोकावरून कागदासारखा पातळ काप घेतला, थुंकी लावून ओला केला, उजेडाकडे धरला आणि भिंगातून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "बड़े मियाँ, देवदार मैंने बीस बरस काटा है. वो पीला होता है, तेल छोड़ता है. ये सुर्ख़ है, महीन है, और चाकू के नीचे मक्खन जैसा. ये देवदार नहीं है. मेरे ख़याल से हिंदुस्तान का ही नहीं है."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी साहेबांच्या टेबलाकडे बघत होतो.

साहेब म्हणाले, अर्धा तुकडा द्या, देहरादूनला जंगलाची मोठी संस्था आहे तिकडे पाठवतो, ते नाव आणि गाव दोन्ही सांगतील. तिथंच बाबांनी बारीक करवत काढून तुकडा कापला. आजवर त्यांची करवत वाकडी गेलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी गेली.

घरी येताना वाटेत एवढंच बोलले, "हिंदुस्थानातला न्हाई म्हंजे मग कुठला?" मी म्हणालो, उत्तर आल्यावर कळेल.

व्यंकट

सेनगाव, ता. १४ सप्टेंबर १९४५

ग्यानबा,

लढाई संपली, आणि देहरादूनचं उत्तरही आलं. साहेबांनी ते उर्दूत उतरवून धाडलं. मी तुला त्यातलं मुद्द्याचं लिहितो. तू त्या झाडाखाली उभा असशील, तरी वाच. बाबांनी कसं ऐकलं ते तुला कळावं म्हणून.

झाड देवदाराच्या कुळातलं नाही. वास तेवढा सारखा. हे पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातलं. तिथले गोरे लोक त्याला सिडर म्हणतात. शंभर फूट वाढतं. त्याची स्वतःची वस्ती म्हणजे सहा हजार ते साडेनऊ हजार फुटांवरचं रान, तेही डोंगराच्या कोरड्या अंगाला. शेजारी रानजैतून. पाऊस बेताचा, पण धुकं अडतं, आणि त्या धुक्यावर फांद्यांना हिरवट दाढ्यांसारखं शेवाळ लोंबतं. अबिसीनियापासून केनियापर्यंत आणि खालीही आहे. नरम, सरळ रेषेचं, किडीला दाद न देणारं. शिसपेन्सिली करायला विलायतेला जातं.

बाबांनी सगळं ऐकलं. "थंडी व्हती म्हनला व्हता त्यो. धुकंबी म्हनला व्हता." मग विचारलं, "ह्यो मुलूख किती लांब?"

मी शाळेतून जुग्राफियाचं पुस्तक आणलं, नकाशा उघडला. मी दाखवलं तसं त्यांनी हिंगोलीवर बोट ठेवलं आणि केनियावर दुसरं. मधे हात फिरवून म्हणाले, "हे निळं काय हाय?"

"समुद्र."

"किती दिसाचा?"

"शांततेत दहा-बारा. लढाईत जहाज कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. आणि फौज मधेच सोडत नाही."

त्यांनी त्या निळ्यावरून पुन्हा बोट फिरवलं. शकूनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. मग एकदम म्हणाले, "आठव्या दिवशी येतंय म्हनून म्या लेकराची वाट बघितली. आन् आलं न्हाई म्हनून मारून टाकलं." आणि ते रडले, ग्यानबा. माय गेली तेव्हा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जोशीबुवांकडे गेले, नावानं केलेली आंघोळ उतरते कशी विचारायला. जोशी म्हणाले, मेला म्हणून सोडलेला माणूस परत आला तर तो नव्यानं जन्मला, त्याला पाळण्यात घालून बारसं करावं लागतं. बाबा म्हणाले, "तीस वर्साच्या घोड्याला कोनत्या पाळन्यात घालू?" जोशींनी तोड काढली, पाळण्यात एक पाय ठेवला तरी शास्त्राला चालतं. तेव्हापासून ते सागाचा पाळणा करून राहिलेत. तुझी हत्यारं माळ्यावरून उतरवली आणि तुझ्याच रंध्यानं फळ्या साफ केल्या.

आता तू यायचं. बाबांना कोणी फसवलं नव्हतं, त्यांच्या नाकानं फसवलं. म्हाताऱ्या माणसाची चूक पोटात घाल.

व्यंकट

सेनगाव, ता. २० नोव्हेंबर १९४५

ग्यानबा,

तुझं उत्तर काल आलं. "फौज सुटली की इथल्या लाकूडगिरणीत मिस्त्री म्हणून राहणार. परतीच्या जहाजात नाव घालायचं का ते जानेवारीअखेर सांगायचं आहे, मी घालणार नाही. बापानं मारलेलं पोरगं परत कशाला?" मी ते बाबांना अजून वाचून दाखवलेलं नाही. सांगितलं, पत्र आलंच नाही. पाळण्याला ते आता पितळी कड्या बसवताहेत.

मागच्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं, की बाबांना त्यांच्या नाकानं फसवलं. ते खोटं आहे. त्यांना मी फसवलं.

तुझा तुकडा ज्या दिवशी आला त्याच दिवशी मला कळलं होतं. मी शाळेत रोज चार-चार शिसपेन्सिली तासतो. तो वास माझ्या बोटांना असतो. बाबा पापुद्रे काढत होते तेव्हा एक माझ्या पायाशी पडला, तो मी उचलून खिशात घातला आणि शाळेत जाऊन पेन्सिलीच्या सालीशी लावून पाहिला. तोच रंग, तोच वास. पेन्सिलीचं लाकूड कुठून येतं ते मी पोरांकडून दरवर्षी घोकून घेतो. परत येऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. घरात पाहिलं तर बाबा मायला सांगत होते, "बघ, दोन वर्सांनी का व्हईना, लाकूड धाडायचं तर बापाला धाडलं. पोरगं हाताचं हाय माज्या." तू पहिल्यांदा पटाशी धरलीस तेव्हापासून मी हे ऐकतोय. मी रंधा धरला की म्हणायचे, "व्यंकटच्या हातात लाकूड मरतं." म्हणून तर मी मास्तर झालो. तू पळून गेल्यावर दोन वर्षं मी त्यांचा एकुलता एक होतो आणि मला ते बरं वाटत होतं. म्हटलं, राहू दे हिमालय. चार दिवसांच्या वाटेवर असून येत नाही म्हटल्यावर त्यांना कळेल, हाताचा लेक कसा असतो ते.

एवढंच असतं तर मूर्खपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण नंतर तुझं कार्ड आलं. त्याच्यावर तिसरी ओळ होती, "मायला सांग, तो देवदार नव्हे. बाबांना पुन्हा बघायला सांग." मी कार्ड वाचून दाखवलं आणि ती ओळ गाळली. दोघंही समोर बसले होते. वाचता न येणाऱ्या माणसांना वाचून दाखवताना एक ओळ गाळणं फार सोपं असतं, ग्यानबा. डोळा खालच्या ओळीवर न्यायचा, बस.

मग माय आजारी पडली. तिनं विचारलं हिमालय किती लांब, आणि मी चार दिवस म्हणालो. तिनं रोज विचारलं, मी रोज म्हणालो. समुद्रापलीकडे आहे, येऊ शकत नाही, असं सांगितलं असतं तर ती तुझी वाट न बघता गेली असती. ती दरवाजाकडे तोंड करून गेली. बाबांनी करंजाला गाडगं टांगलं तेव्हाही मी बाजूलाच उभा होतो. तेरा दिवस होते मला. दुसरी आंघोळ करायला ते पाण्यात उतरले तेव्हासुद्धा, मी हाक मारली असती तर ते थांबले असते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी पोरांना शिकवतो. तिचा अर्थ सांगायला आता मला उदाहरण शोधावं लागत नाही.

बाबांना यातलं काहीही ठाऊक नाही. जंगल खात्याच्या साहेबामुळे उलगडा झाला एवढंच ते जाणतात. मी त्यांना सांगायला तीनदा बसलो आणि तीनदा पाळण्याच्या कड्यांविषयी बोलून उठलो. मला धीर होत नाही. पण तू गिरणीत राहणार असशील तर त्याचं कारण बरोबर माहीत असून राहा. तुला बापानं मारलं नाही. बापाला तू कुठं आहेस ते कळूच दिलं नाही, आणि कळू न देणारा मी. आता जहाजात नाव घाल. माझ्यावर राग ठेव, तो मला पाहिजेच आहे, पण इथं येऊन ठेव.

व्यंकट

सेनगाव, ता. १७ फेब्रुवारी १९४६

ग्यानबा,

हे पत्र देवळालीच्या छावणीत तुला मिळेल. मनमाडला गाडी बदल, पूर्णेला पुन्हा बदल. पूर्णेहून हिंगोलीची गाडी सकाळी निघते. तू लिहिल्याप्रमाणे अमावास्येच्या आधी पोचशील. आम्ही बैलगाडी घेऊन आदल्या दिवशीच निघू.

तू पत्र या खेपेला माझ्या नावानं न धाडता बाबांच्या नावानं धाडलंस. पोस्टमननं ते त्यांच्याच हातात दिलं. ते घेऊन बाबा शाळेत आले, मधली सुट्टी होईपर्यंत वडाखाली बसले, आणि मग मला घरी घेऊन आले. मला आतून वाटत होतं काय असेल ते. चोराच्या मनात चांदणं.

जहाज, तारीख, फौजेचे कागद हे सगळं मी वाचलं. बाबा प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होते. मग ते आलं. तू लिहिलेलंच मी इथं उतरवतो, म्हणजे मी काय वाचलं ते तुला बरोबर कळेल.

"बाबा, लाकडाचा तुकडा तुमाला न्हवता धाडला. दादासाठी धाडला व्हता. ठिकाण लिहू देत न्हवते. मी दादाच्या वर्गात व्हतो तवा केनियातून काय येतं हे मला सांगता आलं न्हाई, म्हनून दादानं हातावर सहा छड्या मारल्या व्हत्या. पेन्शिलीचं लाकूड. सहा बारी म्हनून घेतलं माज्याकडून. इथं त्येच झाड दिसलं तवा हासू आलं. वाटलं, दुसरं कोनी ओळखो का न ओळखो, दादा वासावरून ओळखील आन् घरच्यांना सांगील पोरगं कुठं हाय ते. त्यानं ओळखलं. तुमाला सांगितलं न्हाई. मला वाटलं व्हतं, देवदार न्हवे ही माजी ओळ ऐकूनबी तुमी हिमालयच धरून बसला आन् माज्या नावानं आंघोळ केली. काहून सांगितलं न्हाई ते त्यालाच इचारा. हे पत्र त्योच वाचून दाखवनार. इथवर त्यानं वाचलं का खालच्या ओळीवर गेला, ते मला हिंगोलीला उतरल्यावर तुमच्या तोंडाकडं बघून कळंल."

ग्यानबा, मला वाटलं होतं तू सूड घेतला असशील. तुकडा तू माझ्या भरवशावर धाडला होतास हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही. सहा छड्या मला आठवतही नव्हत्या.

मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही, तिथं थांबलोही नाही, सहीपर्यंत वाचलं. मग कागद खाली ठेवला.

बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. कुठलंही लाकूड हातात घेतल्यावर बघतात तसं बघत होते. मग म्हणाले, "फिरून वाच."

मी फिरून वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, कारण तोवर शकू दारात येऊन उभी राहिली होती आणि तिलाही ऐकू जायला हवं होतं.

त्याला चार दिवस झाले. बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. जेवायला शेजारी बसतात, भाजी सरकवतात, बोलत नाहीत. मी हिंगोलीला यायचं का, हे विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. पण बैल मलाच हाकावे लागतील, त्यांना आता रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत. फलाटावर ते एकटे येतील. मी बाहेर गाडीपाशी असेन. माझ्याशी बोल किंवा बोलू नकोस, तुझी पेटी मी उचलीन.

व्यंकट